ऑनलाइन विक्रीतले खोटे रिटर्न: पार्सल बांधण्यापासून क्लेम मिळेपर्यंत

घडी उलगडली आणि निऱ्यांच्या भागातून अक्षतेचा एक दाणा टेबलावर पडला. कुंकवात रंगवलेला तांदूळ. राणी रंगाची सेमी पैठणी होती ती, किंमत २,८५० रुपये, आणि परतीचं कारण लिहिलं होतं ‘रंग फोटोपेक्षा वेगळा’. खालच्या काठाला फॉल उसवल्याच्या बारीक भोकांची रांग होती, पदराला अत्तराचा वास येत होता. मी चिडून विक्रीच्या साइटकडे भरपाईचा क्लेम टाकला, त्या दाण्याचा फोटोही जोडला. तीन दिवसांनी उत्तर आलं: पुरावा अपुरा. साडी नेसलेली आहे हे फोटोत दिसत होतं, पण ती माझ्या घरून कोरी निघाली होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

आम्ही येवल्याचे. साड्यांचा व्यवसाय घरात पूर्वीपासून आहे, ऑनलाइनचं काम मी आणि माझ्या जाऊबाईंनी सुरू केलं. पहिल्या लग्नसराईत असे कितीतरी रिटर्न अंगावर घेतले, रडले, भांडले आणि मग हळूहळू घडी बसवली. तुम्ही नुकतीच विक्री सुरू केली असेल तर ती घडी आयती घ्या. उदाहरणं साडीची आहेत, पण चपला, मिक्सर, मोबाईलचं कव्हर, काहीही विकत असाल तरी पद्धत तीच लागू पडते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती फार उशिरा कळली. ग्राहकाच्या मनात काय होतं हे सिद्ध करायच्या मागे लागू नका. ‘ही बाई फसवी आहे’ हे तुम्ही कधीच सिद्ध करू शकणार नाही, आणि क्लेम तपासणाऱ्या माणसाला त्यात रसही नसतो. आपल्याला दाखवायचं असतं एवढंच: जाताना वस्तू अशी होती, परत आली तेव्हा अशी आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन चित्रांसाठी आहेत.

आधी ही सामग्री जमवा

फार खर्चाचं काही नाही.

- मोबाईल आणि त्याला वरून खाली धरणारा स्टँड. हातात धरून केलेला व्हिडिओ हलतो आणि नेमकी महत्त्वाची जागा चौकटीबाहेर जाते.
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा डिजिटल काटा.
- एकदा चिकटवली की फाडल्याशिवाय न उघडणारी कुरिअर बॅग. बाजारात पीओडी बॅग म्हणून मिळते, बिलासाठी वर पारदर्शक खिसा असतो.
- नंबर छापलेली प्लास्टिकची सीलं किंवा टॅग.
- वेगळी हार्ड डिस्क. मोबाईलची मेमरी लग्नसराईच्या दोन आठवड्यांत भरते.
- एक रजिस्टर किंवा एक्सेल शीट. रकाने: ऑर्डर नंबर, एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा पार्सल नंबर), टॅगचा नंबर, जातानाचं वजन, परतीची तारीख, परतीचं वजन, क्लेमची शेवटची तारीख, क्लेमचा निकाल.

कागदपत्रांत प्रत्येक ऑर्डरचं बिल, माल खरेदीचं बिल, कुरिअरला माल दिल्याचं मॅनिफेस्ट (पिकअपवाल्याच्या सहीसह) आणि परतीची पोच. खरेदीचं बिल नवे विक्रेते हमखास विसरतात. परतीत नकली वस्तू आली असं तुम्ही म्हणता तेव्हा ‘तुम्ही अस्सलच पाठवली होती कशावरून’ हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर या बिलात असतं.

१. कोणता रिटर्न कोणत्या जातीचा, ते ओळखा

परत आलेलं प्रत्येक पार्सल म्हणजे फसवणूक नव्हे. आधी दोन ढीग करा.

पहिला ढीग आरटीओचा (रिटर्न टू ओरिजिन, पाठवणाऱ्याकडे परत). म्हणजे ग्राहकाच्या हातात पार्सल पडलंच नाही: दार बंद होतं, पत्ता चुकला, किंवा सीओडी (माल मिळाल्यावर पैसे देण्याची) ऑर्डर दारावर नाकारली. हे पार्सल न उघडलेलं परत यायला हवं. त्यात माल बदललेला किंवा गायब असेल तर गडबड वाटेत झाली, ग्राहकाचा संबंध नाही. क्लेम लिहिताना हा फरक पहिल्या ओळीत आला पाहिजे. मी सुरुवातीला आरटीओच्या रिकाम्या पार्सलवर ‘ग्राहकाने साडी काढून घेतली’ असं लिहून मोकळी झाले होते. क्लेम त्याच वाक्यावर फेटाळला गेला, आणि बरोबरच होतं ते.

दुसरा ढीग ग्राहकाने उघडून परत पाठवलेल्या मालाचा. त्यातही बहुतेक लोक सरळ असतात. पदराचा रंग मनात बसला नाही, दोन मागवल्या एक ठेवली, सासूबाईंना आवडली नाही, हे सगळं दुकानातही होतंच. खोटे म्हणावेत असे माझ्या अनुभवात चार प्रकार: वापरून परत, बदलून परत (आमची ठेवायची, जुनी किंवा हलकी घालायची), अर्धवट परत (ब्लाउज पीस कापून घेतलेला) आणि रिकामा डबा किंवा भलतीच वस्तू. प्रत्येकाचा पुरावा वेगळा लागतो, म्हणून रजिस्टरमध्ये प्रकार लिहा.

२. लिस्टिंग असं लिहा की सबबीला जागा उरू नये

‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण सगळ्यात जास्त वापरलं जातं, कारण त्यात परतीचं भाडंही बहुधा विक्रेत्यावर पडतं. त्यामुळे वर्णन तंतोतंत असू द्या. आमच्या गावचंच उदाहरण घ्या. हातमागावरची रेशमी पैठणी आणि यंत्रमागावरची सेमी पैठणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शीर्षकात नुसतं ‘येवला पैठणी’ लिहून सेमी विकली आणि ग्राहकाने परत केली, तर खोटं कोण बोललं? अशा वेळी मी विक्रेत्याची बाजू घेणार नाही.

धागा कोणता, जर कसली, लांबी किती, ब्लाउज पीस जोडलेला की वेगळा, फॉल-पिको केलेलं आहे की नाही, हे सगळं लिहा. एक फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता काढलेला असू द्या आणि एक पदराच्या उलट्या बाजूचा.

यामागे कायदाही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिरा पोचण्याला फक्त पूर, संप अशा हाताबाहेरच्या कारणांचा अपवाद आहे. ‘उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर काहीही परत घेणार नाही’ ही पाटी बरेच जण लावतात. व्हिडिओ मागायला हरकत नाही, पण खरोखर फाटलेली साडी केवळ व्हिडिओ नाही म्हणून नाकारणं या नियमात बसत नाही. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गेला तर तुमची पाटी तुम्हाला वाचवणार नाही.

३. पॅकिंगचा व्हिडिओ: एकच सलग, मध्ये न थांबवता

सगळी मदार या पायरीवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे एक टेबल फक्त पॅकिंगचं आहे. वर स्टँडला मोबाईल, बाजूला काटा. व्हिडिओ सुरू केला की क्रम ठरलेला:

पहिल्यांदा छापलेलं लेबल कॅमेऱ्यापुढे धरायचं, ऑर्डर नंबर आणि एडब्ल्यूबी नंबर वाचता येईल इतका वेळ. मनात पाच अंक मोजायचे. मग साडी टेबलावर. पदर पूर्ण उघडून सुलटा आणि उलटा, दोन्ही काठ, अंगातला थोडा भाग. नंतर टॅगचा नंबर. घडी, पिशवी, काट्यावर वजन, आकडा स्थिर होईपर्यंत. मग कुरिअर बॅग बंद करणं, लेबल चिकटवणं आणि शेवटी बंद पार्सलच्या सगळ्या बाजू. साधारण दीड मिनिट लागतं.

मध्ये फोन आला, कोणी हाक मारली आणि व्हिडिओ थांबला, तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून. दोन तुकडे जोडलेला व्हिडिओ पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की मधल्या वेळात साडी बदलली असेल. एअरप्लेन मोड लावून ठेवला की हा त्रास वाचतो.

टॅग कुठे लावता यालाही महत्त्व आहे. आम्ही सुरुवातीला घडीच्या बाहेर पिशवीला लावायचो, त्याचा काही उपयोग नव्हता. आता बारीक सुईने पदराच्या कडेला, साडी नेसल्यावर समोर दिसेल अशा जागी टॅग ओवतो. घरी उलगडून, खांद्यावर टाकून आरशात बघायला टॅगची अडचण होत नाही. पण कार्यक्रमाला नेसून जायचं तर तो काढावाच लागतो. ‘टॅग काढलेली साडी न आवडल्याच्या कारणाने परत घेतली जाणार नाही’ ही ओळ लिस्टिंगमध्ये, आणि मराठी, हिंदी, इंग्रजीत छापलेल्या चिठ्ठीवर पार्सलमध्ये. हा टॅग लावायला लागल्यापासून नेसून परत येणाऱ्या साड्या आमच्याकडे डोळ्यांना जाणवण्याइतक्या कमी झाल्या.

सापळे दोन. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवून तिथेच साठवू नका. तिथे तो दाबला जातो, बारीक नंबर पुसट होतात आणि चित्रीकरणाची मूळ माहिती निघून जाते. मूळ फाइल तशीच हार्ड डिस्कवर, फाइलचं नाव ऑर्डर नंबर. दुसरं, पैसे जमा झाले म्हणून व्हिडिओ लगेच पुसू नका. परतीची मुदत, माल परत यायचा वेळ, क्लेम आणि त्यावरचं अपील हे सगळं धरून आम्ही सहा महिने ठेवतो. महागड्या मालाचे वर्षभर.

४. परतीचं पार्सल हातात घेताना

डिलिव्हरीवाला पंधरा पार्सलं एकदम उंबऱ्यावर ठेवतो आणि म्हणतो, “ताई, लवकर ओटीपी सांगा, अजून चाळीस घरं राहिलीत.” त्याचीही ओढाताण असते, त्याच्यावर खेकसून उपयोग नाही. मी सांगते, “दादा, दोन मिनिटं बसा, पाणी घ्या, मी नंबर जुळवते.” आणि खरंच दोनच मिनिटं घेते. एवढ्यात तीन गोष्टी होतात: पार्सलांची संख्या मोजणं, प्रत्येकाचा नंबर यादीशी जुळवणं आणि फाटलेलं, पुन्हा टेप मारलेलं पार्सल बाजूला काढणं.

ओटीपी दिला किंवा सही केली की कागदोपत्री माल सुस्थितीत मिळाला. त्यामुळे फाटलेल्या पार्सलाचा फोटो डिलिव्हरीवाला समोर असतानाच काढा, आणि पोचपावतीवर ‘पार्सल फाटलेलं मिळालं’ असा शेरा लिहा. ओटीपी पद्धतीत शेऱ्याला जागा नसेल तर ते पार्सल घेण्यापूर्वी विक्रेता मदत विभागात तक्रार नोंदवून नंबर घ्या. फोनवर ‘पार्सल नंतर आणतो’ म्हणणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला पार्सल हातात येण्याआधी ओटीपी कधीही देऊ नका. न मिळालेलं पार्सल ‘मिळालं’ म्हणून नोंदलं गेलं की ते उलटवणं फार कठीण जातं.

५. उघडणं: कॅमेरा चालू झाल्याशिवाय कात्री नको

क्रम पॅकिंगसारखाच, उलट्या दिशेने. बंद पार्सलच्या सगळ्या बाजू, परतीचं लेबल, जुनं लेबल असेल तर तेही. न उघडता वजन. जाताना ७२० ग्रॅमचं पार्सल ४१० ग्रॅमचं भरलं, तर कात्री लावायच्या आतच निम्मा क्लेम तयार झालेला असतो. मग कापणं आणि आतलं सगळं बाहेर काढून पिशवी उलटी करून रिकामी दाखवणं.

आता तपासणी. साडीसाठी आम्ही या जागा बघतो:

*खालचा काठ.* उजेडासमोर धरा. फॉल लावून उसवला असेल तर सरळ रेषेत भोकं दिसतात. जमिनीला घासलेल्या काठावर काळसर रेघ असते, ती झटकून जात नाही.

*निऱ्यांचा आणि कमरेचा भाग.* पिनेची भोकं, परकराच्या रंगाचा डाग, घामाने पडलेली सुरकुती. नवी घडी आणि नेसून पुन्हा घातलेली घडी यांतला फरक हाताला लगेच कळतो, पण कॅमेऱ्याला कळत नाही. त्यामुळे भोकं आणि डाग यांवरच भर द्या.

*खांदा.* पिनेने जरीचा धागा ओढलेला असतो.

*ब्लाउज पीस.* पूर्ण लांबी मोजपट्टीवर दाखवा. कापलेली कड सरळ नसते.

*पदराची उलटी बाजू.* माल बदललाय का ते इथे कळतं. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरता विणून तिथेच अडकवलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. महागाच्या साडीवर सिल्क मार्कचं (अस्सल रेशमाची खूण) लेबल असेल तर त्याचा नंबर रजिस्टरमधल्या नंबराशी जुळवा. रेशीम जळल्यावर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. ही परीक्षा खरी आहे, पण परत आलेल्या मालावर करू नका. पुरावाच जळतो, आणि साडी तुम्ही खराब केली असं म्हणायला जागा मिळते.

वास व्हिडिओत येत नाही. अत्तराचा वास होता एवढ्यावर मी तीन क्लेम घालवले आहेत.

६. क्लेम: थोडक्यात, तारखेच्या आत, शिवीगाळ न करता

प्रत्येक ठिकाणी याचं नाव वेगळं. अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम म्हणतात आणि तो तुम्ही स्वतः पाठवलेल्या ऑर्डरींसाठी असतो. माल त्यांच्या गोदामातून जात असेल तर भरपाईचा मार्ग वेगळा आहे. फ्लिपकार्टवर एसपीएफ, म्हणजे विक्रेता संरक्षण निधीचा क्लेम. इतर साइटींच्या पॅनेलांत (विक्रेत्याच्या खात्याच्या पानांवर) रिटर्न विभागातच क्लेमचं बटण असतं. मुदती थोड्या दिवसांच्या असतात आणि त्या बदलत राहतात, म्हणून आपल्या पॅनेलमधलं धोरण दर महिन्याला एकदा उघडून वाचा आणि पार्सल मिळालं त्याच दिवशी शेवटची तारीख रजिस्टरमध्ये टाका. आमचा नियम आहे: पार्सल आज आलं, तर क्लेम उद्या संध्याकाळच्या आत.

मजकूर असा असावा:

‘ऑर्डर नंबर अमुक. साडी तमुक तारखेला टॅग क्रमांक ४४१७ सह, ७२० ग्रॅम वजनाने पाठवली (पॅकिंग व्हिडिओ, ०:३५ आणि १:०५). परत आलेल्या पार्सलचं वजन ४१० ग्रॅम (उघडतानाचा व्हिडिओ, ०:२०). आत वेगळ्या रंगाची, टॅग नसलेली साडी आहे (०:५०). पाठवलेली वस्तू परत मिळालेली नाही. पूर्ण भरपाईची विनंती.’

बस. तपासणाऱ्याकडे वेळ थोडा असतो, त्याला कोणत्या सेकंदाला काय बघायचं ते सांगा. पॅनेलवर हेच इंग्रजीत लिहावं लागेल, तेव्हाही वाक्यं इतकीच आखूड ठेवा. सोबत चारच फोटो: जातानाचा टॅग, जातानाचं वजन, येतानाचं वजन, मिळालेली वस्तू. वीस फोटो जोडले की महत्त्वाचे चार त्यात बुडतात.

७. क्लेम फेटाळला तर

नकाराचं कारण नीट वाचा. ‘व्हिडिओत लेबल दिसत नाही’ म्हटलं असेल तर लेबल दिसतं तो क्षण फोटो म्हणून काढून जोडा आणि त्या एकाच मुद्द्यावर अपील करा. दुसऱ्यांदा नवीन गोष्ट सांगायला गेलात तर पहिलीवरचाही विश्वास उडतो. तरीही नकार आला, तर विक्रेता मदत विभागात वरच्या पातळीवर पाठवण्याची लेखी विनंती करा आणि त्या विनंतीचा नंबर जपा.

ग्राहकाला फोन करू नका. मी एकदा केला होता. लेबलवरच्या पत्त्यावरून माहिती काढून, रात्री नऊ वाजता, रागाने थरथरत. समोरच्या बाईंनी फोन ठेवला आणि दोन दिवसांत माझ्या खात्याला ताकीद मिळाली, ग्राहकाला त्रास दिल्याबद्दल. तसंच विक्रेत्यांच्या ग्रुपवर ‘या बाईपासून सावध’ म्हणून नाव, पत्ता, फोन नंबर फिरवणंही बंद करा. माल पोचवण्यासाठी मिळालेली माहिती आहे ती, आणि तुमची बाजू कितीही खरी असली तरी अडचणीत तुम्ही येता.

रक्कम मोठी असेल, किंवा एकाच पत्त्यावरून वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा माल बदलून येत असेल, तर पोलिसांकडे लेखी तक्रार करता येते. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो, पूर्वी ज्याला आपण सगळे ४२० म्हणायचो. व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ फाइल जपा म्हणून इतकं सांगते ते यासाठीही. ८०० रुपयांच्या साडीसाठी पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारू नका असंच माझं मत आहे. तो वेळ पॅकिंगच्या टेबलावर द्या.

८. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः विकत असाल तर

इथे क्लेमचं बटण नाही. त्यामुळे परतीच्या अटी ऑर्डर घेण्यापूर्वी लेखी पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्यावरच पैसे घ्या. सीओडी देणारच असाल तर निदान जाण्यायेण्याचं भाडं आगाऊ घ्या. दारावर नाकारलेल्या ऑर्डरींचा मार यानेच कमी होतो.

पैसे परत करताना सगळ्यात जास्त फसवणूक होते. ‘मी चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ म्हणून आलेला स्क्रीनशॉट खरा धरू नका, बँकेच्या खात्यात रक्कम दिसली तरच खरी. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, रिफंडचा हिशेब जुळेल’ असं कोणी म्हणालं की समजा, पैसे तुमच्या खात्यातून जाणार. असे पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

कार्डाने पैसे घेतले असतील तर ग्राहक बँकेकडे वाद दाखल करू शकतो. पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचा) तसा ईमेल आला की दिलेल्या मुदतीत उत्तर द्या: बिल, डिलिव्हरीची पोच, पॅकिंगचा व्हिडिओ. उत्तर दिलं नाही तर वाद आपोआप ग्राहकाच्या बाजूने सुटतो. जाऊबाईंच्या लक्षात न आल्यामुळे आमचा असा एक वाद हातचा गेला. ईमेल जाहिरातींच्या टॅबमध्ये पडून राहिला होता.

९. हिशेबात रिटर्न नीट उतरवा

विक्री परत आली की क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) लागते. ती जीएसटी विवरणात पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच दाखवता येते. नाहीतर परत आलेल्या मालावरचा कर तुमच्या खिशातून गेलेला राहतो.

प्लॅटफॉर्म तुमच्याकडून जीएसटीचा टीसीएस (विक्रीच्या पैशांतून आधीच कापलेला कर) कापतं, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के, आणि तो रिटर्न वजा करून उरलेल्या विक्रीवर. प्राप्तिकराचा टीडीएस (असाच आधी कापला जाणारा कर) १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे. महिन्याच्या शेवटी प्लॅटफॉर्मच्या अहवालातले रिटर्न आणि तुमच्या रजिस्टरमधले रिटर्न जुळवा. अहवालात ‘विक्रेत्याला परत मिळालं’ असं लिहिलेली पण घरी कधीच न आलेली पार्सलं याच वेळी सापडतात. मला एका दिवाळीनंतर अशी सहा सापडली, त्यातल्या चारांचे पैसे मिळाले, दोघांची मुदत उलटून गेली होती.

नेसलेली किंवा डागाळलेली साडी पूर्ण वाया गेली म्हणून हिशेबातून काढून टाकायची असेल, तर तिच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) उलटवावं लागतं. सीएला आधी विचारा. मिळालेल्या भरपाईची नोंद कशी करायची तेही त्यांनाच विचारा, ती नेहमीच्या विक्रीत मिसळू नका.

वापरलेली साडी मात्र पुन्हा घडी घालून नवी म्हणून पाठवू नका. मोह होतो, विशेषतः क्लेम फेटाळल्यावर. आमच्याकडे अशा साड्यांचा वेगळा रकाना आहे. ड्रायक्लीन करून, डाग दाखवून, कमी किमतीत दुकानातच विकतो. गोधड्या शिवणाऱ्या बायकाही घेऊन जातात.

१०. आपली चूक असेल तर त्याच दिवशी भरपाई

गेल्या श्रावणात साताऱ्याच्या एका ताईंनी कळवलं की साडीत ब्लाउज पीसच नाही. आदल्याच आठवड्यात एकीने पीस कापून साडी परत केलेली, त्यामुळे जाऊबाई लगेच म्हणाल्या, “ही पण त्यातलीच.” मी पॅकिंगचा व्हिडिओ काढला. त्या साडीचा ब्लाउज पीस वेगळा होता, आणि व्हिडिओत दीरांनी साडी पिशवीत घातल्यावर टेबलाच्या कडेला लिंबू रंगाचं एक कापड तसंच राहिलेलं दिसत होतं. तेच.

ताईंना फोन न करता पॅनेलवरच उत्तर लिहिलं, चूक कबूल केली आणि पीस त्याच संध्याकाळी कुरिअरने रवाना केला. तेव्हापासून आमच्या व्हिडिओत एक पायरी वाढली आहे: वेगळा ब्लाउज पीस आधी उलगडून दाखवायचा, साडीच्या घडीत ठेवायचा, आणि पिशवी बंद करण्यापूर्वी कॅमेरा टेबलावरून एकदा फिरवायचा.